नदीकाठच्या साध्या, शांत तळावर मुक्काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नदीकाठी तंबूत राहायला जायचं ठरलं की प्रश्न साधारण एकाच क्रमाने येतात. वीज आहे का, पाणी आहे का, शौचालय आहे का, जनावरं येतात का. नदीबद्दल मात्र फारसं कोणी विचारत नाही. माझ्या मते पहिला प्रश्न तिच्याबद्दल असायला हवा. म्हणून खाली काही उत्तरं लांबली आहेत, आणि ती बहुतेक नदीचीच आहेत.

साधा तळ म्हणजे नेमकं काय असतं?

तंबूपुरती सपाट केलेली जागा, शेकोटीसाठी दगडांचं किंवा लोखंडी कडं, आणि असलंच तर खड्ड्याचं शौचालय. वीज, नळ, रस्त्यावरचा दिवा, कचराकुंडी यांतलं काहीही नसतं. राखणदार असला तरी तो दिवसातून एखादी फेरी मारून जातो. काही तळांवर गाडी तंबूच्या जागेपर्यंत जाते, काही ठिकाणी सगळं सामान पाठीवर घेऊन चालावं लागतं. जागा ठरवताना दोन गोष्टी आधी विचारून घ्या: गाडी कुठपर्यंत येते, आणि शौचालय आहे की नाही. बाकीची तयारी या दोन उत्तरांवर ठरते.

तिथे किती वाजेपर्यंत पोहोचावं?

सूर्यास्ताच्या निदान तीन तास आधी. तंबू लावायला अर्धा तास पुरतो, उरलेला वेळ नदी बघायला लागतो. काठाने वर आणि खाली थोडं चालून या. पाणी कुठे उथळ आहे, डोह कुठे आहे, काठ कुठे आतून पोखरला गेलाय, वर चढून जायची वाट कोणती, हे उजेडातच कळतं. मग पाण्याच्या अगदी कडेला एक काठी रोवा. जेवणाआधी तिच्याकडे एकदा बघा, झोपण्याआधी पुन्हा एकदा. पाणी काठीच्या पुढे सरकलं असेल तर नदी चढते आहे. मी कितीही दमून पोहोचलो तरी आधी काठी रोवतो, तंबूची पिशवी त्यानंतर उघडतो.

तंबू पाण्याच्या किती जवळ लावता येतो?

तळावर आखून दिलेल्या जागा असतील तर त्याच वापरायच्या, चार पावलं पुढे सरकायचं नाही. जागा आखलेली नसेल तर पाण्यापासून साधारण ६० मीटर, म्हणजे मोठ्या माणसाची ७०-८० पावलं, दूर राहायचं. एवढं अंतर पाळण्याची कारणं बरीच आहेत. काठावरची लव्हाळी आणि झुडपं माती धरून ठेवतात, तंबूखाली ती मरतात आणि पुढच्या पावसात काठ ढासळतो. रात्री जनावरं पाण्यावर येतात, त्यांची वाट अडवून झोपणं त्यांच्यासाठी वाईट आणि आपल्यासाठीही. शिवाय पाण्यालगत ओल आणि गारवा सर्वांत जास्त असतो.

पण नदी चढण्याचा विचार केला तर अंतरापेक्षा उंची महत्त्वाची. ६० मीटर दूर असूनही पाण्यापेक्षा हातभरच उंच असलेली जागा धोक्याची असते. मागच्या पुराची रेघ शोधा. झुडपांच्या फांद्यांत अडकलेलं वाळकं गवत, खोडांना चिकटलेला गाळ, काठावर ओळीने साचलेल्या काटक्या आणि पानं सांगतात की पाणी इथपर्यंत आलं होतं. त्या रेघेच्या वर झोपायचं. नदीच्या मधोमध असलेलं वाळूचं बेट दिसायला कितीही सुंदर असलं तरी तिथे मुक्काम करू नका, पाणी चढलं तर परतीची वाट सर्वांत आधी बुडते. कोरडा ओढाही टाळा. तो सपाट असतो, मऊ असतो, वाऱ्यापासून आडोशाला असतो, म्हणूनच लोक फसतात.

आणखी एकदा वर बघा. तंबूवर वाळलेली फांदी किंवा अर्धवट उन्मळलेलं झाड झुकलेलं असेल तर जागा बदला. वारा नसतानाही वाळक्या फांद्या तुटून पडतात.

आकाश निरभ्र असेल तर पुराची भीती कशाला?

कारण पाऊस तुमच्या डोक्यावरच पडायला हवा असं नाही. नदी दूरच्या डोंगरावरचं पाणीही घेऊन येते, आणि तिथला पाऊस काही तासांनी तुमच्यापर्यंत पोहोचतो. वरच्या बाजूला धरण असेल तर पाऊस नसतानाही पाणी सोडलं जातं. अशा नदीवर भोंगा वाजवून इशारा देण्याची पद्धत आहे का आणि पाणी सहसा कधी सोडतात, हे राखणदाराला किंवा जवळपास राहणाऱ्यांना विचारून घ्या. हवामानाचा अंदाजही तळापुरता पाहून चालत नाही. नदीच्या वरच्या खोऱ्याचा पाहायचा.

एका मुक्कामात आभाळ ताऱ्यांनी भरलेलं होतं आणि मध्यरात्री मला जाग आली. कशाने, ते आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं की खळखळ थांबली होती. पाणी चढताना उथळ जागचे दगड बुडतात, त्यांच्यावरून उड्या मारणाऱ्या पाण्याचा आवाज दबतो आणि त्याच्या जागी जड, घुमल्यासारखा आवाज येतो. टॉर्च घेऊन बाहेर आलो तर काठी दिसेना. तंबू पुराच्या रेघेच्या वर होता, तरी आम्ही सगळं सामान उचलून आणखी वर गेलो आणि उजाडेपर्यंत बसून राहिलो. पाणी तंबूच्या जागेपर्यंत पोहोचलं नाही. पण पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा वरच जाईन.

म्हणून ही लक्षणं ध्यानात ठेवा: स्वच्छ पाणी अचानक गढूळ होणं, पानं-काटक्या-फेस वाहत येणं, आवाज बदलणं, काठी बुडणं. यांतलं एक जरी दिसलं तरी माणसं आधी वर न्यायची, सामानाचं नंतर बघायचं. वर म्हणजे काठाच्या उतारावर सरळ वर, नदीच्या कडेने खाली पळायचं नाही. वाहत्या पाण्यातून ओलांडून जाण्याचा विचारही करू नका. वेगाचं पाणी १५ सेंटिमीटर असलं तरी मोठ्या माणसाचा पाय उचलू शकतं, ३० सेंटिमीटर पाण्यात छोटी गाडी तरंगायला लागते, आणि ६० सेंटिमीटरमध्ये मोठ्या गाड्याही वाहून जातात. तळाकडे येणारा रस्ता एखाद्या बुटक्या फरशी पुलावरून किंवा ओढ्यातून येत असेल तर पावसात तो आधी बंद होईल हे धरून चाला, आणि एक दिवसाचं जास्तीचं अन्न जवळ ठेवा.

नदीचं पाणी प्यायलं तर चालेल का?

तसंच नाही. कितीही नितळ दिसलं तरी नाही. वरच्या बाजूला कुठे जनावर मरून पडलंय, कुठे माणसं नदीत उतरतात, हे आपल्याला दिसत नसतं.

उकळणं हा सर्वांत भरवशाचा उपाय. पाणी खळखळून उकळायला लागल्यावर पूर्ण १ मिनिट उकळू द्या. २,००० मीटरपेक्षा उंचावर असाल तर ३ मिनिटं, कारण तिथे पाणी कमी तापमानाला उकळतं. पाणी गढूळ असेल तर आधी भांड्यात स्थिर ठेवून गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी दुपदरी फडक्यातून गाळून घ्या आणि मग उकळा.

पोकळ तंतूंचे हातातले फिल्टर जिवाणू आणि जिआर्डियासारखे परजीवी अडवतात, पण त्यांतल्या बहुतेकांना विषाणू अडवता येत नाहीत. एकदा वापरल्यावर त्यात ओल राहते. ती गोठली तर आतले तंतू फाटतात आणि बाहेरून काही कळत नाही. कडाक्याच्या थंडीत तो झोपताना स्लीपिंग बॅगेत ठेवा. क्लोरीनच्या गोळ्या हलक्या आणि सोयीच्या, पण क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी त्यांना दाद देत नाही.

एक गोष्ट मात्र उकळूनही जात नाही: शेतातली किंवा कारखान्यातली रसायनं. पाण्यावर हिरवट साय किंवा रंगासारखा तवंग दिसला, तर त्यातलं विषही उकळल्याने जात नाही. असं पाणी पिण्यासाठी तर नाहीच, अंघोळीलाही घेऊ नका. नदीची खात्री नसेल तर पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी घरूनच न्यावं, माणशी दिवसाला ४ लिटर तरी, आणि उन्हाळ्यात त्याहून जास्त.

शौचालय नसेल तर काय करायचं?

हा प्रश्न लोक संकोचून, सगळ्यांत शेवटी विचारतात, आणि तळ घाण होण्याचं सर्वांत मोठं कारण हाच संकोच आहे. जायचं कसं हे कोणी सांगितलेलं नसतं, मग जवळचं झुडूप गाठलं जातं.

एक छोटं खुरपं न्या. पाणी, पायवाट आणि तंबू या तिन्हींपासून ७०-८० पावलं दूर, उंचवट्यावर, काळ्या भुसभुशीत मातीत १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करा. ही खोली योगायोगाची नाही. मातीतले जीवजंतू वरच्या थरातच जास्त काम करतात. फार खोल पुरलं तर कुजायला वेळ लागतो, फार वर राहिलं तर जनावर उकरतं. काम झाल्यावर तीच माती परत ढकलून दाबून टाका. वाळूत पुरू नका, तिथे कुजत नाही, आणि पुढच्या पाण्यात सगळं नदीत जातं. कागद वापरत असाल तर तो बंद पिशवीत परत आणा. पॅड, डायपर आणि ओले पुसणी-रुमाल (वेट वाइप्स) कधीच पुरू नका. ओल्या रुमालांत बहुतेकदा प्लास्टिकचे धागे असतात. त्यांच्यासाठी एक गडद रंगाची, घट्ट बंद होणारी पिशवी आधीच वेगळी ठेवली की कोणाला ओशाळं वाटत नाही.

चार-पाच जणांहून जास्त माणसं असतील, किंवा तळ वर्षभर गजबजलेला असेल, तर खड्ड्यांनी भागत नाही. मग पिशवीचं हलकं शौचालय बरोबर न्यावं आणि सगळं परत आणावं.

साबण, शाम्पू, भांड्यांची पावडर नदीत चालते का?

नाही. पाकिटावर ‘निसर्गात विरघळणारा’ असं लिहिलेलं असलं तरी नाही. तो साबण मातीतल्या जिवाणूंमुळे कुजतो, आणि वाहत्या पाण्यात ती माती नसते. बादलीत पाणी काढून घ्या, काठापासून दूर जाऊन अंघोळ करा, भांडी घासा, आणि पाणी मोकळ्या जमिनीवर पसरून टाका. भांड्यातलं खरकटं आधी पुसून कचऱ्याच्या पिशवीत टाकलं की साबण फारसा लागतच नाही. अंगाला डासांचं मलम किंवा उन्हाचं क्रीम लावलं असेल तर नदीत शिरण्याआधी काठापासून दूर ते धुऊन टाका.

दिवसा इतकं ऊन आणि रात्री एवढी थंडी, असं का?

थंड हवा जड असते. सूर्य मावळल्यावर ती उतारावरून पाण्यासारखी खाली वाहते आणि खोऱ्याच्या तळाशी साचते. नदी तिथेच असते, आपला तंबूही तिथेच. काही मीटर वर चढून झोपलं तरी फरक जाणवतो. त्यात रात्रभर दव पडतं आणि पहाटे पाण्यावर धुकं धरतं.

जमीन अंगातली ऊब हवेपेक्षा फार लवकर खेचून घेते. म्हणून जाड पांघरुणाआधी जाड मॅटचा विचार करा. स्लीपिंग बॅगचा खालचा भाग अंगाखाली दबतो आणि दबलेल्या भागात हवा राहत नाही, म्हणजे ऊबही राहत नाही. झोपताना कोरडे मोजे घाला. दिवसभर घातलेले नको, त्यांत घाम असतो.

सकाळी तंबू आतून ओला होतो. गळतोय का?

बहुतेक वेळा नाही, तो तुमचाच श्वास आहे. थंडीमुळे लोक सगळ्या खिडक्या बंद करतात, आणि आतली वाफ थंड कापडावर जमून ठिबकते. वरच्या झडपा थोड्या उघड्या ठेवा. ओले कपडे बाहेर टांगा.

तंबूत शेगडी किंवा कोळसा ठेवून ऊब घेता येईल का?

कधीच नाही. कोळसा, स्टोव्ह, गॅस, काहीही जळलं की कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेला माणूस जागाच होत नाही. विझत आलेले निखारेही आत आणायचे नाहीत. ऊब हवी असेल तर गरम पाण्याची घट्ट बंद बाटली मोज्यात घालून पायापाशी ठेवा.

शेकोटीचं काय?

बंदी आहे का ते आधी बघा, कोरड्या दिवसांत अनेक ठिकाणी असते. बंदी नसेल तर जिथे आधीचं कडं आहे तिथेच पेटवा. नवीन जागा काळी करू नका. खाली पडलेली, वाळलेली, मनगटाहून जाड नसलेली काटकी घ्या. ती पूर्ण जळून राख होते, ओंडके अर्धवट जळून राहतात. घरून लाकूड नेऊ नका. त्यातल्या किडी आणि त्यांची अंडी नव्या जंगलात पोहोचतात.

नदीतले ओले गोटे शेकोटीभोवती लावू नका. त्यांच्या भेगांतल्या पाण्याची वाफ होते आणि गोटा फुटून तुकडे उडतात. विझवताना पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता, आणि हाताची मागची बाजू राखेजवळ नेऊन बघा. गरम लागत असेल तर विझलेली नाही. वाळूने झाकणं म्हणजे विझवणं नव्हे. वाळूखाली निखारे तासन्‌तास धगधगतात आणि सकाळी कोणाचा तरी अनवाणी पाय त्यावर पडतो. बहुतेकदा मुलाचा.

शांतता किती पाळायची? आम्ही हळू आवाजातच गाणी लावतो.

स्पीकर घरी ठेवा, एवढी विनंती आहे. बहुतेक तळांवर रात्री १० ते सकाळी ६ शांततेचे तास असतात, पण नदीकाठी आवाज आपल्याला वाटतो त्याहून फार दूर जातो. रात्री पाण्यालगतची हवा गार आणि वरची तुलनेने उबदार असते. त्यामुळे वर जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो. पलीकडच्या काठावर कोणी कुजबुजलं तरी शब्द कळतात, हे मी स्वतः ऐकलंय. तुमची हळू आवाजातली गाणी समोरच्या तंबूत पूर्ण ऐकू जातात.

आणि अशा तळावर सोय म्हणून काय असतं? वीज नाही, नळ नाही, गादी नाही. माणसं एवढं ओझं वाहून येतात ती ही शांतता मिळावी म्हणूनच. उजेडाचंही तसंच. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात, आणि एका पांढऱ्या झोतात ती जातात. हेडटॉर्चचा लाल दिवा वापरा, झोत जमिनीकडे ठेवा.

नदीत पोहावं का?

ओळखीच्या उथळ जागी, उजेडात, दारू न पिता, कोणीतरी काठावर लक्ष ठेवून असताना. एवढ्या चारही गोष्टी असतील तर उतरा. वळणावर बाहेरच्या बाजूला प्रवाह जोरात असतो आणि खोलीही तिकडेच असते, आतल्या बाजूला वाळू साचून उथळ असतं. गुडघ्याच्या वर वेगाचं पाणी असेल तर पाय टेकवून उभं राहायचा प्रयत्न करू नका. दगडांत पाऊल अडकलं तर प्रवाह माणसाला आडवं पाडून तसाच दाबून ठेवतो. वाहून जात असाल तर पाठीवर, पाय पुढे आणि वर, आणि तिरकं काठाकडे. पाण्यात पडलेलं झाड लांबूनच टाळा, त्याच्या फांद्यांतून पाणी पलीकडे जातं, माणूस अडकून राहतो. अनोळखी डोहात सूर मारू नका.

डासांवर उपाय?

डास साचलेल्या पाण्यात वाढतात, म्हणून डबकी आणि दलदल यांपासून दूर, वाऱ्याच्या जागी तंबू लावा. वाहत्या पाण्यात वाढणाऱ्या छोट्या काळ्या माश्याही असतात, त्या दिवसा चावतात. संध्याकाळी लांब बाह्यांचे, फिक्या रंगाचे कपडे घाला. डीट या डासांना दूर ठेवणाऱ्या रसायनाचं मलम चांगलं काम करतं, पण ते प्लास्टिक आणि काही कृत्रिम कापडं खराब करतं, चष्म्याला आणि तंबूला हात लावण्याआधी हात पुसा.

जनावरं आणि साप?

जनावर तुमच्यासाठी येत नाही, अन्नाच्या वासाने येतं. अन्न, कचरा, टूथपेस्टसुद्धा तंबूत ठेवू नका. गाडी असेल तर गाडीत ठेवा, नसेल तर घट्ट डब्यात तंबूपासून लांब. तंबूची चेन नेहमी बंद, बूट घालण्याआधी झटकून, रात्री टॉर्चशिवाय पाऊल नाही. साप चावला तर कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. तो अवयव न हलवता माणसाला शांत ठेवून लवकरात लवकर रुग्णालयात न्या. अंगठी, घड्याळ लगेच काढा, सूज आल्यावर ती निघत नाहीत.

रेंज नसेल तर घरच्यांना काळजी वाटते.

वाटणारच. निघण्याआधी एका माणसाकडे लिहून द्या: कुठला तळ, कोण कोण, गाडीचा नंबर, परत कधी, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचं. तिथे फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, रेंज शोधण्यातच बॅटरी संपते. कॉल लागत नसेल तिथे कधी कधी मेसेज जातो. त्या भागाचा आपत्कालीन नंबर आणि जवळच्या रुग्णालयाचा रस्ता कागदावर हवा.

विजा चमकू लागल्या तर?

चमक आणि गडगडाट यांत ३० सेकंद किंवा कमी अंतर असेल तर लगेच बंद गाडीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडू नका. तंबू विजेपासून अजिबात वाचवत नाही, एकटं उंच झाडही नाही. पाण्यात असाल तर सगळ्यांत आधी बाहेर या.

लहान मुलांना न्यावं का?

जरूर. पण एका वेळी एका मोठ्या माणसाने, नाव घेऊन, ‘आता माझं लक्ष आहे’ असं सांगावं. सगळ्यांचं लक्ष आहे म्हणजे कोणाचंच नाही, आणि बुडणारं मूल ओरडत नाही. तंबूपासून पाण्यापर्यंतच्या वाटेवर एक दगड ठरवा. त्याच्या पुढे एकट्याने जायचं नाही. मुलं हा नियम मोठ्यांपेक्षा चांगला पाळतात. काठीवर लक्ष ठेवायचं कामही त्यांनाच द्या.

निघताना जागा कशी सोडावी?

तंबू काढल्यावर सगळ्यांनी हातभर अंतरावर एका ओळीत उभं राहून जागा एकदा चालून काढा, नजर जमिनीवर. खुंटी, दोरीचा तुकडा, गोळीच्या पाकिटाचा कोपरा, बाटलीच्या झाकणाखालचं कडं हमखास सापडतं. दुसऱ्यांचा कचरा दिसला तर पिशवीत जागा असेल तेवढा उचला. फळांच्या साली फेकू नका, त्या कुजायला महिनोन्‌महिने लागतात आणि तोवर जनावरांना तळावर यायची सवय लागते. दबलेलं गवत हाताने उभं करा. राख गार आहे का ते पुन्हा बघा. मग पाण्याकडे जा आणि काठी उपटून घ्या.